ग्रेट ओशन रोडवर आम्ही दोघं

आज लॉर्नहून ट्वेल्व्ह अपॉस्टल्सपर्यंत, म्हणजे समुद्रात उभ्या चुनखडीच्या सुळक्यांपर्यंत आलो. मोटरहोम हिच्या हातात, मी खिडकीत. ऑस्ट्रेलियातही वाहनं आपल्यासारखी डावीकडूनच चालतात, त्यामुळे पश्चिमेकडे जाताना समुद्र अगदी कडेला. अपोलो बेच्या अलीकडे थांबून गाडीतच चहा टाकला. (आलं मेलबर्नहून आठवणीने आणलं होतं!)

मला मात्र दिवसभर रस्ताच दिसत राहिला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी तो कड्यात खोदला, न परतलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. किती माया असेल त्या हातांत!

चुनखडीचे सुळके लाटांनी झिजताहेत, २००५ मध्ये एक कोसळलाही. यायचं मनात असेल तर लांबणीवर टाकू नका. आणि टॉर्कीच्या, म्हणजे रस्त्याच्या पूर्वेकडच्या टोकाच्या बाजूनेच या, म्हणजे समुद्र तुमच्याच कडेला राहील.