कूसीत बुरुज शोधताना

उत्तर फ्रान्समधल्या लाँ शहरातले दोन दिवस छान गेले. कॅथीड्रलच्या मनोऱ्यांतून डोकावणारे दगडी बैल बाबांना फार आवडले. पण लिहायचंय ते जवळच्या कूसी-ल-शातो या गावाबद्दल, तिथल्या जुन्या किल्ल्याबद्दल.

बसचा भरवसा नव्हता म्हणून टॅक्सी केली. भाडं जेवणाच्या तिप्पट झालं, पण बाबांनी त्या किल्ल्याच्या मुख्य बुरुजाचं जुनं चित्र कित्येक वर्षं जपून ठेवलं होतं. गाव लहानसं, दुपारी सगळं शांत. लाँकडची वेस मात्र अशी भक्कम की आत शिरतानाच मान वर जाते.

किल्ला बांधला कूसीचा सरदार आंगराँ तिसऱ्याने, 1220च्या दशकात. कूसीच्या घराण्याचं वाक्य प्रसिद्ध आहे: ‘मी ना राजा, ना राजपुत्र, ना ड्यूक, ना काउंट, मी कूसीचा सरदार.’ मुख्य बुरुज सुमारे 55 मीटर उंच, 31 मीटर रुंद. खुद्द फ्रान्सच्या राजाचा पॅरिसच्या लूव्र किल्ल्यातला बुरुज याच्या निम्म्या रुंदीचा होता!

तिकीट काढून आत गेलो. बाबा इकडेतिकडे बघत राहिले. “अगं, बुरुज कुठाय?” मी तिथल्या बाईंना विचारलं. त्यांनी काही न बोलता समोर हात केला. दगडांचा प्रचंड ढीग, मधून उगवलेलं गवत.

1652मध्ये फ्रान्सचा मुख्यमंत्री माझारँच्या हुकमाने किल्ला पाडायला घेतला, तरी बुरुजाची भिंत उभी राहिली. 1692च्या भूकंपात तिला तडे गेले. एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युकने लोखंडी पट्टे बांधून ती सावरली. पहिल्या महायुद्धात, मार्च 1917मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने 28 टन स्फोटकं लावून बुरुज उडवला, गावही उद्ध्वस्त केलं. जर्मन सेनापती असलेल्या बव्हेरियाच्या युवराज रुप्रेश्टने बुरुज वाचवायची विनंती केली होती. जर्मन सैन्याची सूत्रं हाती असलेल्या जनरल लुडेनडॉर्फने ती मानली नाही. इतकी शतकं तग धरलेली गोष्ट, आणि शत्रूच्या हाती पडू नये एवढ्यासाठी संपवली. मला संताप आवरेना.

गाव नंतर पुन्हा उभं राहिलं. ढीग मात्र ढीगच राहिला.

कोपऱ्यांवरच्या बुरुजांचे अवशेष अजून आहेत, तेही मोठे आहेत. बाबांनी तिकडे पाहिलंच नाही. ढिगाच्या कडेने पावलं मोजत ते चालत राहिले. “बेचाळीस,” म्हणाले. मग वळून दुसऱ्या बाजूने पुन्हा मोजायला लागले.