परक्या कॅलेंडरातली सुट्टी

रजा एकट्याला घेता येते. अर्ज केला, मुख्याध्यापकांनी सही केली, की झालं. सुट्टीचं तसं नाही. ती आजूबाजूच्या सगळ्यांना एकाच वेळी लागावी लागते, तरच तिला सुट्टीची चव येते. परदेशात स्वयंसेवक म्हणून शिकवायला गेलेल्या विशी-बाविशीतल्या मुलामुलींना ही गोष्ट डिसेंबरात नीट कळते. घरी नाताळचे, सणासुदीचे दिवस सुरू झालेले असतात आणि इथे एक तर समोर पन्नास पोरं बसलेली असतात, नाहीतर अख्खी शाळा कुलूप लावून आपापल्या गावी गेलेली असते.

ही स्वयंसेवक शिक्षकांची परंपरा तशी जुनी. ॲलेक आणि मोरा डिकसन या जोडप्याने ब्रिटनमध्ये १९५८ साली ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ सुरू केली, तेव्हाची पहिली मुलं शाळा संपवून विद्यापीठात जायच्या आधीची, अठराच्या आसपासची होती. अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी स्वयंसेवक संस्थेची पहिली तुकडी ३० ऑगस्ट १९६१ रोजी घानाची राजधानी अक्रा इथे उतरली, तीही शिक्षकांचीच. पुढे १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ५ डिसेंबर हा स्वयंसेवक दिन ठरवला. दिवस छान निवडला म्हणायचा. त्या दिवशी कौतुक होतं, आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांत त्याच स्वयंसेवकाला घराची सर्वाधिक आठवण येते.

सगळा घोळ कॅलेंडरचा असतो. थायलंडमध्ये शाळांचं दुसरं सत्र नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतं, म्हणजे २५ डिसेंबर हा भर सत्रातला दिवस. सरकारी सुट्टी थेट ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला. जपानमध्येही नाताळची सुट्टी नसते, पण शाळांची हिवाळी सुट्टी साधारण त्याच सुमारास सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरते. चीनमध्ये खरी मोठी सुट्टी वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची. तो चांद्र पंचांगानुसार २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान कधीतरी येतो. इथिओपिया आणि जॉर्जियात नाताळ ७ जानेवारीला. तिथली चर्च जुनी कालगणना पाळतात, आणि जुन्या ज्युलियन कालगणनेत आणि आपल्या रोजच्या कॅलेंडरात १९०० पासून तेरा दिवसांचं अंतर आहे. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, टांझानिया इथे शाळेचं वर्षच जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपतं. त्यामुळे नाताळ वार्षिक परीक्षेला चिकटून येतो आणि वर्षातली सगळ्यात मोठी सुट्टी त्यालाच लागून असते.

म्हणून नियुक्तीचं पत्र हातात पडलं की पहिली मागणी शाळेच्या वार्षिक वेळापत्रकाची करावी, विमानाचं तिकीट नंतर. ‘डिसेंबरच्या सुट्टीत दोन आठवडे शिकवायला या’ अशी जाहिरात दक्षिण गोलार्धातल्या एखाद्या देशाची असेल, तर सरळ विचारावं की त्या पंधरवड्यात वर्गात कोण असणार आहे. शाळा बंद असताना मुलं मिळतात ती बहुधा वसतिगृहातली किंवा अनाथाश्रमातली. दर पंधरा दिवसांनी नवा ताई-दादा येऊन जीव लावून निघून जाणं त्यांच्या भल्याचं नाही. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळा चालू असेल तर डिसेंबरच्या मध्यावर मुख्याध्यापक हसत हसत सुचवतात, ‘तुमच्या सणावर एक तास घ्या ना!’ उष्ण देशात याच्याबरोबर लाल डगला आणि कापसाची दाढीही येते. डगला सोसता येतो. दाढी मात्र गोंदाने चिकटवू नये. घामाने ती दहा मिनिटांत एका बाजूने सुटते आणि पुढचा सगळा तास वर्गाचं लक्ष तिच्यावरच राहतं. कापडाच्या पट्टीवर कापूस शिवून मागे इलॅस्टिक लावलं की दाढी दिवसभर जागेवर बसते.

तासाचं मात्र गांभीर्याने घ्यावं. सणाची माहिती देत सुटलं तर चाळीस मिनिटं शिक्षकच बोलतो आणि मुलं माना डोलवतात. मुलांच्या हातून काहीतरी व्हायला हवं आणि ते होताना भाषा वापरली जायला हवी. कागदाची साखळी यासाठी फार सोयीची. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. आडवे तीन-तीन सेंटिमीटरचे काप घेतले, की एका कागदातून २१ सेंटिमीटर लांबीच्या नऊ पट्ट्या निघतात. पन्नास मुलांना प्रत्येकी दोन म्हणजे शंभर पट्ट्या, त्यासाठी बारा कागद पुरतात आणि आठ पट्ट्या फाटण्या-बिघडण्यासाठी शिल्लक राहतात. पट्ट्या आदल्या रात्री कापून ठेवाव्यात. वर्गात कापायला घेतल्या तर कात्रीची पाळी येईपर्यंत घंटा होते. एका पट्टीवर ‘यंदा मी काय शिकलो’ आणि दुसरीवर ‘पुढच्या वर्षी मी काय करीन’ हे मुलांनी लिहायचं. भूतकाळ आणि भविष्यकाळ दोन्ही उरकतात. लिहायचं ते चिकटवण्याच्या आधी, आणि कडी वळवताना अक्षरं बाहेरच्या बाजूला ठेवायची. हे फळ्यावर चित्र काढून दाखवलं नाही, तर निम्म्या वर्गाची वाक्यं कडीच्या आत जातात आणि मग ती कुणीच वाचत नाही.

स्टेपलर बहुतेक शाळांत एकच असतो आणि तोही कार्यालयात, सही करून न्यावा लागणारा. त्यामुळे खळ बरी. एक वाटी मैदा आधी थंड पाण्यात कालवून घ्यायचा, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक झाली की उतरवायची. गरम पाण्यात थेट मैदा टाकला तर गुठळ्या होतात, त्या पुढे मोडत नाहीत. दमट हवेत खळ दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून ती आदल्या दिवशीच करावी. बाटलीच्या झाकणांतून एकेका बाकाला थोडी थोडी वाटावी. एकच भांडं फिरवलं की ते कुणाच्या तरी वहीवर उपडं होणारच. पाच-पाच मुलांनी दहा-दहा कड्यांचे तुकडे करायचे आणि शेवटी शिक्षकाने दहा तुकडे जोडायचे. दोन सेंटिमीटर एकावर एक चिकटवले तर कडीचा व्यास सहा सेंटिमीटरच्या आसपास येतो. शंभर कड्यांची साखळी सहा मीटर भरते, टांगल्यावर ओढली जाऊन आणखी थोडी लांबते. भिंतीलगत लावली तर मुंग्या आणि झुरळं खळीचा वास काढत येतात, तेव्हा दोन खिळ्यांना सुतळी बांधून अधांतरी टांगलेली उत्तम.

कागदी हिमकण करायचा मोह सगळ्यांनाच होतो. कागद चारदा दुमडून कापला की चार किंवा आठ टोकांचं नक्षीकाम तयार होतं. दिसतं छान, पण हिमकणाला टोकं सहा असतात आणि विज्ञानाच्या पुस्तकात चित्र पाहिलेलं एखादं पोर उठून ते सांगतं. सहा टोकांसाठी गोल कागद आधी अर्धा दुमडायचा, मग त्या अर्धवर्तुळाच्या साठ-साठ अंशांच्या तीन घड्या घालायच्या, मग ती पाचर पुन्हा अर्धी. आता कात्रीखाली बारा थर आलेले असतात. छपाईचा जाड कागद घेतला तर शाळकरी कात्री तिथेच हार मानते. वर्तमानपत्राचा कागद चालतो. ‘आधी’, ‘मग’, ‘त्यानंतर’ अशा सूचना मुलांनीच एकमेकांना द्यायच्या आणि शिक्षकाने हाताची घडी घालून उभं राहायचं. जिथे बर्फ कुणी पाहिलेलाच नाही तिथे याचा सणाशी काय संबंध, असा प्रश्न येतो. तो रास्त आहे, आणि त्याचं उत्तर देण्यात उरलेला तास छान जातो.

डिसेंबरात शाळेचं वर्ष संपतं त्या देशांत सणाच्या तासाची वेळच येत नाही, कारण डोक्यावर परीक्षा असते. चार वर्गांचे पन्नास-पन्नास म्हणजे दोनशे पेपर. एका पेपरला सहा मिनिटं धरली तरी वीस तास होतात, आणि गुणपत्रकं हाताने भरायची ती वेगळीच. पेपर एकामागून एक न तपासता प्रश्नवार तपासावेत: सगळ्यांचा पहिला, मग सगळ्यांचा दुसरा. वेगही वाढतो आणि सकाळच्या पेपरला उदार, रात्रीच्या पेपरला कंजूस असा प्रकार होत नाही. गुणांची बेरीज ओळीनेही करावी आणि स्तंभानेही. दोन्ही जुळल्याशिवाय तक्ता कार्यालयात देऊ नये. नंतर चूक सापडली तर ती दुरुस्त करणारा माणूस तोवर गावी पोहोचलेला असतो.

मग एकदम शांतता. पीस कोअरमध्ये रजा महिन्याला दोन दिवस या हिशेबाने साठते, आणि शिक्षकांनी ती शाळेच्या सुट्टीतच वापरावी अशी अपेक्षा असते. म्हणजे फिरायचं तर आत्ताच. शेजारच्या देशात जायचं ठरलं, तर पासपोर्टातला व्हिसा उघडून वाचावा. एकदाच प्रवेशाचा असेल तर सीमा ओलांडताच तो संपला. कामाची मुदत वर्षभराची असली तरी परत येताना त्याचा उपयोग नाही. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने असावी आणि दोन पानं कोरी असावीत. पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं कार्ड लस टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतं, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यात अर्थ नाही. पूर्वीची दहा वर्षांची अट मात्र जुलै २०१६ पासून गेली, आता ते कार्ड आयुष्यभर चालतं. हिवतापाच्या भागातून चार दिवस थंड डोंगरात गेलं, की हिवताप होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या बंद करायचा मोह होतो. तो टाळावा. यकृतात दबून बसलेले जंतू नंतर रक्तात उतरतात, म्हणून डॉक्सिसायक्लीन तो भाग सोडल्यावरही चार आठवडे घ्यायची असते आणि ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस.

घरच्या फोनची वेळही आधी ठरवलेली बरी. युरोपातली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, अमेरिकेतली नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. थायलंड, जपान किंवा टांझानियात घड्याळाला कुणी हात लावत नाही. ऑगस्टमध्ये पाठ केलेलं अंतर डिसेंबरात एका तासाने चुकतं ते यामुळे. इथिओपियात तर दिवस सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे तिथला एक. टांझानियात स्वाहिली बोलतानाही हाच हिशेब. यजमानांनी ‘तीन वाजता या’ म्हटलं तर कुठले तीन, हे विचारायला लाजू नये. आणि भर मेजवानीत फोन करू नये. तिकडे फोन हातोहात फिरतो, प्रत्येक जण ‘जेवण मिळतं ना?’ एवढंच विचारतो, मागे हशा चालू असतो आणि ठेवल्यावर आपल्या खोलीतली शांतता आधीपेक्षा मोठी होते. आदल्या दिवशी एकेकाशी निवांत बोलावं.

सणाच्या दिवशी मात्र कुणीतरी बोलावतंच. एकटा परका तरुण शिक्षक गावात आहे आणि त्याला जेवायला बोलावलं नाही, असं सहसा कुठे घडत नाही. आमंत्रण सरळ स्वीकारावं. आपल्या खोलीत घरच्या सणाची छोटी नक्कल मांडून बसण्यापेक्षा त्यांच्या सणात, तो ७ जानेवारीला का असेना, जाऊन बसण्यात शहाणपणा आहे. जाताना काय न्यावं हे सहकाऱ्याला विचारावं. इथिओपियात त्या सणाआधी दीर्घ उपवास असतो, त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य. उत्साहाने दोन दिवस आधी नेलेला केक तसाच पडून राहतो. मुलांना वैयक्तिक भेटी देऊ नयेत. एकाला दिलं की उरलेल्या एकोणपन्नासांचं काय करायचं? शाळेला फुटबॉल द्यावा, आणि बरोबर पंप आणि सुई द्यावी. सुईविना दिलेला चेंडू फेब्रुवारीत कपाटावर जातो.

खरी पोकळी पडते ती २६ तारखेनंतर. आमंत्रणं संपलेली, शाळा बंद, सहकारी गावी, बाजार अर्धा उघडा. बेत आखायचा तर २५ चा आखण्यापेक्षा २७ चा आखावा. आसपासच्या दोन-तीन स्वयंसेवकांनी एकाच्या घरी जमावं, ते तीन-चार दिवसच. दहा दिवस एका खोलीत काढले की भांडी कुणी घासायची यावरून मैत्री संपते. आणि बसचं परतीचं तिकीट आधी काढावं, जायचं नंतर. जाताना लोक महिनाभर पांगत पांगत जातात, परतताना मात्र शाळा उघडायच्या आदल्या दोन दिवसांत सगळा देश एकाच स्टँडवर उभा असतो.