म्हातारा घोडा आणि कडक ऊन

विशी ओलांडलेला घोडा उन्हाळ्यात मान टाकून उभा राहिला की "वय झालं आता" म्हणून लोक पुढे जातात. मला हे पटत नाही. नुसत्या वयामुळे घोडा उन्हात सहसा ढासळत नाही. वयाबरोबर आलेलं एखादं दुखणं उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग अडवतं, तेव्हा तो ढासळतो. घोड्याच्या स्नायूंतून आणि आतड्यात आंबणाऱ्या चाऱ्यातून रात्रंदिवस उष्णता तयार होत असते. ती मुख्यतः घामावाटे जाते, थोडी श्वासावाटे. घाम येण्यासाठी अंगात पाणी आणि मीठ हवं, तो वाळण्यासाठी केस आखूड हवेत आणि अंगाला वारा लागायला हवा. यातलं आपल्या घोड्याचं नेमकं काय बिघडलंय, ते उन्हाळा तापायच्या आधी शोधायचं.

त्यासाठी त्याचे रोजचे आकडे माहीत हवेत. थंड सकाळी, घोडा शांत उभा असताना तीन-चार दिवस नोंद करा. निरोगी घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. नाडी जबड्याच्या हाडाखाली बोटाला लागते. तिथे सापडली नाही तर डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. थर्मामीटरला दोरी बांधा, टोकाला व्हॅसलीन लावा, गुदद्वारात घाला आणि ते आतल्या भिंतीला टेकेल असं किंचित तिरकं धरा. लिदेच्या गोळ्यात रुतलं तर आकडा खोटा, कमी दाखवतो, आणि नेमका धोक्याच्या वेळी तो आपल्याला गाफील ठेवतो. कातडी चिमटीत धरून सोडण्याच्या परीक्षेवर म्हाताऱ्या घोड्यात विसंबू नका. त्याची कातडी तशीही सैल झालेली असते. हिरडी बघा. ती ओलसर हवी, आणि अंगठ्याने दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी.

आता केसांबद्दल. ऋतू बदलूनही हिवाळी केस झडले नाहीत, पोट आणि पायांवर लांब कुरळे केस राहिले, पाठीचे स्नायू ओसरले, पाणी आणि लघवी वाढली, तर कुशिंगची शंका घ्या. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा हा आजार वयस्क घोड्यांत बराच आढळतो. रक्ततपासणीत निदान होतं आणि परगोलाइडची गोळी रोज, बहुधा आयुष्यभर द्यावी लागते. सुरुवातीला काही घोड्यांची भूक कमी होते. तसं झालं तर मनाने गोळी बंद करू नका, मात्रा डॉक्टरांना ठरवू द्या. गोळीचा परिणाम केसांवर दिसायला वेळ लागतो. तोपर्यंत घोडा भर उन्हात घोंगडी पांघरून उभा असल्यासारखा असतो. म्हणून केस कापायचे.

आदल्या दिवशी खरारा करून, धुऊन, अंग पूर्ण कोरडं होऊ द्या. धुळीच्या केसांत मशीनचं पातं अडतं आणि तापतं. दर पाच मिनिटांनी पातं स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. चटका लागला तर थांबा, तेल घाला, पातं बदला. सांधे दुखणाऱ्या घोड्याला तासभर एका जागी उभं करू नका. एका सकाळी मान आणि छाती, दुसऱ्या सकाळी उरलेलं अंग. कातडी गुलाबी असेल तर कापल्यानंतर काही दिवस ती उन्हापासून जपा. कुशिंगमध्ये केस पुन्हा वाढतात, त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी हेच काम परत काढावं लागतं.

याच्या उलट, काही घोड्यांचा घामच आटतो. दमट उष्ण हवेत हा त्रास जास्त. बाकीचे घोडे घामाने निथळत असताना याचं अंग कोरडं, फार तर आयाळीखाली आणि मांड्यांमध्ये थोडी ओल, नाकपुड्या फुललेल्या आणि सावलीत उभं राहूनही श्वास जलद. याला दमा समजून फुप्फुसांवर उपचार सुरू होतात आणि मूळ त्रास तसाच राहतो. खात्रीचा इलाज यावर नाही. घाम आपणच पुरवायचा: दुपारभर ठरावीक वेळाने अंगावर पाणी, सतत वारा आणि उन्हात काम पूर्ण बंद.

पाण्याचा हिशेब मोजून ठेवा. साडेचारशे-पाचशे किलोच्या घोड्याला एरवी दिवसाला २५ ते ५५ लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आपोआप भरणारी टाकी सोयीची असली तरी घोडा किती प्यायला हे तिच्यावरून कळत नाही. आजारी घोड्याला २० लिटरच्या बादल्या बऱ्या, आत खुणा करून. कुशिंगचा घोडा खूप पितो म्हणून पाणी कधीही तोडू नका. पिणं अचानक कमी झालं तर कारण शोधा. मानेचा संधिवात असेल तर जमिनीवरच्या बादलीपर्यंत तोंड नेताना दुखतं, मग तो दोन घोट घेऊन बाजूला होतो. बादली छातीच्या उंचीला टांगली की तोच घोडा पोटभर पितो. हौदाभोवतीचा चिखलही असाच नडतो, दुखऱ्या पायाचा घोडा तिकडे जायचं टाळतो. कळपात तरुण घोडे म्हाताऱ्याला पाण्यावरून आणि सावलीतून हुसकतात. म्हणून पाण्याच्या जागा दोन ठेवा आणि सावलीचा मांडव असा करा की त्याला कोंडीत न अडकता बाहेर पडता येईल.

घामातून सोडियम आणि क्लोराइड भरपूर जातं. मिठाची वीट चाटून म्हाताऱ्या घोड्याची गरज सहसा भागत नाही. साधं बारीक मीठ एरवी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम आणि घामाच्या दिवसांत ५० ते ६० ग्रॅम, दोन वेळच्या भिजवलेल्या खाण्यात विभागून द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे घामातून जाणाऱ्या क्षारांचं मिश्रण, पाण्यात घातलं तर शेजारी साध्या पाण्याची बादली हवीच, कारण चव न आवडून घोडा पाणीच सोडतो. ज्याच्या अंगातलं पाणी आधीच आटलंय त्याला तोंडावाटे दाट इलेक्ट्रोलाइट पाजणं घातक ठरतं. ते आतड्यात आणखी पाणी ओढून घेतं.

दात झिजले की घोडा गवताचे चावलेले बोळे तोंडातून टाकतो. न चावलेला कोरडा चारा आणि कमी पाणी एकत्र आलं की आतडं तुंबून पोटशूळ उठतो. अशा घोड्याला भिजवलेलं खाणं दिलं की चारा आणि पाणी दोन्ही एकदम पोटात जातं. गवताच्या दाबलेल्या गोळ्या १ किलोला ३ ते ४ लिटर पाण्यात भिजवा आणि बोटांनी चिरडून बघा. आत कडक गाठ लागली तर अजून थांबा, कारण अर्धवट भिजलेली गोळी अन्ननलिकेत अडकते. लांब गवत अजिबात चावता येत नसेल तर दिवसाचा सगळा चारा असाच द्यावा लागतो. साडेचारशे किलोच्या घोड्याला कोरड्या वजनात ७ ते ९ किलो, चार-पाच वेळांत विभागून. उन्हाळ्यात भिजवलेलं खाणं दोन-तीन तासांत आंबतं. उरलेलं फेकून द्या, भांडं घासून ठेवा आणि दुपारचं खाणं सकाळीच भिजवू नका.

रोज लीद बघा. ढिगांची संख्या घटली, गोळे लहान, कोरडे, वर चिकट आवरण आलेलं दिसलं, तर पोट तुंबायला लागलंय. सांधेदुखीसाठी फिनाइलब्युटाझोनसारखं औषध सुरू असेल तर हीच वेळ सर्वांत नाजूक. अंगात पाणी कमी असताना ही औषधं मूत्रपिंडाला इजा करतात. घोडा पाणी पीत नसेल त्या दिवशी पुढची मात्रा देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करा.

दम्याच्या घोड्याला उष्णता आणि धूळ दोन्हींचा मार बसतो. त्याचं गवत दहा मिनिटं बुडवून, ओलं असतानाच द्या. तो आत असताना तबेला झाडू नका. पंखा लावताना हवा जमिनीवरून न वाहता अंगावरून वाहील असा लावा, मोटर बंदिस्त हवी आणि वायर तोंडाला पोहोचेल अशी नको. पाण्याचे फवारे कोरड्या हवेत आणि वारा खेळता असेल तरच उपयोगी. बंद, दमट तबेल्यात ते घाम वाळू देत नाहीत आणि घोडा आतल्या आत शिजतो. दिवसा सावलीत आणि रात्री मोकळ्यावर, हा क्रम बहुतेकांना मानवतो. खुराच्या आतली सूज (लॅमिनायटिस) येऊन गेलेल्या घोड्याला मात्र मोकळं सोडताना हिरव्या कुरणाऐवजी गवत नसलेलं आवार द्या.

श्वास जलद, नाकपुड्या ताणलेल्या, चाल अडखळती, तापमान ३९.५ च्या वर असेल तर डॉक्टरांना कळवा आणि त्यांची वाट न बघता पाणी ओतायला लागा. ४० च्या वर ही आणीबाणी आहे. सावलीत, वाऱ्यावर उभं करा आणि मान, छाती, पाठ, पुठ्ठे, पोट, मांड्यांची आतली बाजू, दोन्हीकडून थंड पाणी न थांबता ओता. थंड पाण्याने स्नायू आखडतात या समजापायी बरेच घोडे गमावले जातात, बर्फ घातलेलं पाणीही चालतं. ओतलेलं पाणी निपटून काढण्यात वेळ घालवू नका, ओतत राहा. ओलं कापड अंगावर टाकून ठेवू नका, ते गरम होऊन वाफ अडवतं. पाणी समोर ठेवा, पण जबरदस्तीने पाजू नका. दर पाच मिनिटांनी तापमान घ्या आणि ३९ च्या खाली आलं की थांबा, ते पुढे आपोआप आणखी थोडं उतरतं.

उन्हाच्या तडाख्यानंतर हीच खुराची सूज येऊ शकते, म्हणून घोडा सावरलेला दिसला तरी पुढचे दोन-तीन दिवस रोज दोनदा खुरावर हात ठेवून बघा. खूर गरम लागला, टाचेच्या वर नाडी ठसठशीत जाणवली, घोडा वजन मागच्या पायांवर टाकू लागला किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.