इंट्रानेटचा सर्च आणि श्रीलिपीतली परिपत्रकं : माझा अनुभव

आमच्या इंट्रानेटवर, म्हणजे कार्यालयाच्या अंतर्गत साइटवर, 'अर्जित रजा' असं शोधलं की निकाल शून्य, आणि रजेची परिपत्रकं तर साइटवर ढीगभर. इलॅस्टिकसर्च (शोधयंत्र) बसवणं, क्रॉलर (साइटवरची पानं आणि फायली गोळा करणारा प्रोग्रॅम) रात्रीच्या क्रॉनला (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) लावणं यात सांगण्यासारखं काही नाही. सगळा घोळ पीडीएफमध्ये.

जुनी परिपत्रकं श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप केलेली. स्क्रीनवर स्वच्छ मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. अपाची टिका (फायलींतून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर) तीच इमानेइतबारे काढून देतं आणि इंडेक्समध्ये (शोधासाठीच्या सूचीत) कचरा भरतो. वर एररही नाही! टिकाचं ओसीआर (पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखणं) 'ऑटो'वर ठेवून भागत नाही, कारण पानावर वाचता येण्याजोगा मजकूर सापडला की ते ओसीआरकडे वळतच नाही. अशा फायलींना 'ओसीआर ओन्ली' द्यायचं, टेसरॅक्टला (ओसीआर करणाऱ्या प्रोग्रॅमला) मराठीचा डेटा, रिझोल्यूशन ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). त्याखाली गेलात की अनुस्वार आणि रफार गळायला लागतात.

सरसकट ओसीआर मात्र लावू नका, रात्र पुरत नाही. काढलेल्या मजकुरात निम्म्याहून कमी अक्षरं देवनागरी असतील तर फाइल बाजूला काढा. यात इंग्रजी परिपत्रकंही अडकतात, म्हणून पुढे 'पीडीएफफॉन्ट्स' (पीडीएफमधल्या फॉन्टची यादी देणारी कमांड) चालवायचं. फॉन्टच्या नावात 'श्री-देव' दिसलं की ती श्रीलिपीतली याची खात्री. मूळ वर्ड फाइल मिळाली तर फॉन्ट कन्व्हर्टर (श्रीलिपीचं युनिकोड करणारा) ओसीआरपेक्षा सरस, पण ती मागितली की संबंधित विभागाचं उत्तर ठरलेलं : "पीडीएफ दिलीय ना!"

एवढं करूनही 'रजा' शोधल्यावर 'रजेच्या', 'रजेसाठी' सापडत नाहीत. ल्युसीनमध्ये (इलॅस्टिकसर्चच्या पोटातल्या शोध-लायब्ररीत) हिंदीचा अ‍ॅनालायझर (मजकूर शोधण्याजोग्या शब्दांत फोडणारा भाग) आहे, मराठीचा नाही, आणि हिंदीच्या स्टेमरला (शब्दाचं मूळ रूप काढणाऱ्या भागाला) आपलं सामान्यरूप कळत नाही. नेहमीच्या शब्दांची सिनोनिम फाइल (एकच मानायच्या शब्दरूपांची यादी) हातानेच लिहावी लागते.

पण चालू फील्डचा (इंडेक्समधल्या रकान्याचा) अ‍ॅनालायझर बदलता येत नाही. नवा इंडेक्स भरायचा आणि शेवटी अलायस (सर्च ज्या नावाने इंडेक्स गाठतो ते टोपणनाव) त्याच्याकडे वळवायचा, म्हणजे सर्च बंद पडत नाही. भरताना रिफ्रेश (नव्या नोंदी शोधात दिसू देणं) -१, म्हणजे बंद, आणि रेप्लिका (इंडेक्सच्या जादा प्रती) ०. नंतर दोन्ही पूर्ववत. हो, डिस्क आधी बघा : दोन इंडेक्स एकदम मावले पाहिजेत. डिस्क ९५ टक्के भरली की इलॅस्टिकसर्च लिहिणंच बंद करतं.

रद्द झालेली परिपत्रकं इंडेक्समधून आपोआप जात नाहीत. प्रत्येक नोंदीवर शेवटच्या क्रॉलची तारीख टाकून जुन्या नोंदी उडवायच्या, पण त्या रात्रीचा क्रॉल पूर्ण झाला असेल तरच. साइट बंद असताना हे चाललं तर सकाळी इंडेक्स रिकामा.