आमची वाटचाल : बोनेट नंतर उघडा, आधी गाडीखाली झोपा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुन्या जीपच्या कामासाठी आम्ही शेड घेतली तेव्हा भांडवल काय होतं? इंची पान्यांचा एक पुरा संच, एक चेनपुली आणि दादाची नजर. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, पहिला भागीदार. इंजिन त्याचं, चॅसी-पत्रा माझा. जुनी जीप दारात आली की मालक आरसी बुक पुढे करायचा आणि दादा ते हातात न घेता गाडीखाली गोणपाट अंथरायचा.

तो गोणपाट अंथरायला मी एकदाच चुकलो. त्याची गोष्ट आधी सांगतो, कारण ती कोल्हापुरात आमच्या पाठीमागे अजून चुकीची सांगितली जाते.

पुण्याची पार्टी होती. दुसऱ्या महायुद्धातली विलीज (त्या अमेरिकी कंपनीची लष्करी जीप) हवी, कागदावर लिहून हवी, अशी अट. दादा जमिनीच्या वाटणीसाठी गावी गेलेला. गाडी मीच बघितली. डॅशबोर्डावर विलीजची पाटी, आरसीत विलीज, पुढची जाळी नऊ फटींची. हेडलाइट जाळीच्या आत, खटका सोडला की मागे वळून इंजिनावर उजेड पाडणारे. गाडी युद्धातलीच होती, त्यात चूक नव्हती. पण पुढे कुणीतरी जाडजूड गार्ड वेल्ड केला होता आणि त्यामागचा क्रॉस मेंबर, म्हणजे चॅसीच्या दोन लांब रेल जोडणारा आडवा तुकडा, मी पाहिला नाही. बिलावर ‘विलीज एमबी’ लिहून दिलं.

चार महिन्यांनी आमच्याच गल्लीतला एक गॅरेजवाला, जो आमच्याकडे दोन वर्षं हाताखाली काम करून गेला होता, त्या गाडीखाली झोपला. गार्ड काढलेला होता. विलीजचा पुढचा क्रॉस मेंबर गोल पाइपचा असतो. हा चौकोनी, उलट्या यू आकाराचा. म्हणजे चॅसी फोर्डची. फोर्ड जीपीडब्ल्यू. ज्याला कळतं त्याला ठाऊक आहे की दोन्ही गाड्या एकाच लष्करी नकाशावर बनल्या, दोन्ही तितक्याच अस्सल, दोन्ही मिळून सहा लाखांवर निघाल्या. चूक माझी होती आणि ती नावाची होती. त्यानं मात्र ‘बनावट गाडी विकली’ असं सगळीकडे पसरवलं.

आम्ही पावणेचार लाख परत दिले. आगाऊ घेतलेले पैसे दुसऱ्या गाडीच्या पत्र्यात गेले होते, म्हणून बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. तीन महिने शटर अर्धंच वर होतं. दोन पोरं काम सोडून त्याच्याचकडे गेली. दादा एक शब्द बोलला नाही, फक्त गोणपाट धुऊन माझ्या टेबलावर ठेवला. (धंदा करणाऱ्यांनो, गिऱ्हाइकाचा आगाऊ पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. घरच्या माणसांसमोर मान खाली घालायची वेळ येत नाही.) आणि तो गॅरेजवालाच आज नव्या छापलेल्या पाट्या जुन्या रिव्हेटांनी ठोकून गाड्या खपवतो. त्याला कुणी विचारत नाही.

त्यानंतर सात-आठ वर्षं काम चालू राहिलं. पाटल्या सुटल्या.

पण पद्धत बदलली. आता आम्ही ‘ही गाडी कुठली’ याचं एक उत्तर देतच नाही. युद्धानंतर लष्कराच्या लिलावातून या गाड्या बाहेर पडल्या आणि ज्याला जो भाग मिळाला तो त्यानं बसवला. त्यामुळे चॅसी कुणाची, इंजिन कुणाचं, बॉडी कुणाची, असे तीन रकाने आम्ही भरून देतो. हत्यारं साधीच लागतात. पत्र्यावर लांबी (पुट्टी) किती थापलीय ते कळायला लोहचुंबक, तारेचा ब्रश, डिझेलचं फडकं, दातांच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा आणि पांढरा खडू. डाव्या रेलची पुढची बाजू घासायची. फोर्डचा नंबर रेलच्या वरच्या अंगावर ठोकलेला, विलीजचा आतल्या अंगाला रिव्हेटच्या पट्टीवर. पट्टी गेली तरी भोकं राहतात. ठोकलेल्या आकड्यावर खडू आडवा घासला की गंजातूनसुद्धा अंक उठतो. मग बोल्ट पुसत जायचं. फोर्डनं बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा आपला ‘एफ’ उठवलाय. युद्धातली प्रत्येक जीप डाव्या स्टिअरिंगची, म्हणून आज स्टिअरिंग उजवीकडे असलं तरी डाव्या रेलवर जुन्या स्टिअरिंग बॉक्सच्या खुणा शोधा. मागे उघडणारं फळकं आणि जाळीला सात फटी असतील तर बॉडी नागरी, १९४५पासूनची. पुढची काच एकसंध असेल तर सीजे-३ए, म्हणजे नागरी जीपचं एक मॉडेल. बोनेट उंच असेल तर सीजे-३बी, जी महिंद्रांनी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली आणि जिच्यावर अर्धा महाराष्ट्र फिरला. तिला कमी लेखू नका, आमचं पोट तिच्यावर आहे.

२०२१च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, तेव्हापासून तर गाडी कुठल्या वर्षाची याला फारच किंमत आली. म्हणून सांगतो, गाडी बघायला दिवसा जा, आणि धुतलेली गाडी दाखवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

गगनबावड्याच्या तात्यांबद्दल लिहिलं नाही तर ही वाटचाल अपुरी राहील. शटर अर्धं होतं त्या तीन महिन्यांत एकच गाडी आमच्याकडे आली, ती तात्यांची. काम क्लच प्लेटचं, पैसे दिले पुऱ्या इंजिनाचे. म्हणाले, “बाकीचं तुमच्याकडं राहू दे, पुढं लागंल.” त्यांच्या गोठ्यात म्हशींना पाणी पाजायला एक लोखंडी डोणी होती, वडिलांनी लिलावातून आणलेली. मी चहा पिता पिता बघत होतो. डोणीला मडगार्ड कशाला? पाणी काढायला तळाला दोन झाकणं कशाला? खाली झोपलो. शेणाच्या थराखाली पाटे होते, अॅक्सल होता. जीपमागची पाव टनाची ट्रेलर! नदीत तरंगावी म्हणून ती पाणबंद बनवायचे. ज्यातून पाणी आत येत नाही, त्यात पाणी राहतंही.

पाटी सापडली: बँटम. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची छोटी कंपनी. जीपचा पहिला नमुना १९४०च्या सप्टेंबरात तिनंच लष्कराला करून दिला. मोठी ऑर्डर मिळाली विलीजला आणि फोर्डला, बँटमच्या वाट्याला ट्रेलर आल्या. हे दादाला वाचून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ ती पाटी अंगठ्यानं पुसत बसला.

तात्यांनी गोठ्यात सिमेंटची डोणी बांधून घेतली आणि ट्रेलर आमच्याकडे पाठवली. विकायची नाही, नीट करून परत द्यायची. तळाचं एक झाकण गायब होतं. लेथवर नवं कातून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. पंधरा दिवसांनी एसटीनं पुडकं आलं. गवताच्या गंजीखाली सापडलेलं जुनं झाकण, त्यावर फेविकॉलनं चिकटवलेली चिठ्ठी : “आधी घासून बघा, एफ आहे का.”