अ‍ॅझटेक बॅटमॅन, 1:6 – मुखवटा, माकुआविट्ल आणि पिसांचं दुखणं

मंडळी, खऱ्याच्या एक-षष्ठांश मापाच्या या मूर्तीचा मागच्या नोंदीत नुसता अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा होता. आता अंग भरलंय, मुखवटा चढलाय, शस्त्र जवळपास तयार आहे. अंगरखा आणि ढाल अर्धवट आहेत, रंगकाम अजून दूर.

नव्यांसाठी थोडक्यात: हा 2025 च्या 'बॅटमॅन अझ्तेका' या मेक्सिकन अ‍ॅनिमेशनपटाचा नायक, योहुआली. स्पॅनिश आक्रमक कोर्तेसच्या माणसांनी बापाला मारलं, पोरगा सम्राट मोक्तेसुमाला सावध करायला अ‍ॅझटेकांच्या राजधानीत, तेनोच्तित्लानला पळाला आणि त्सिनाकानच्या, म्हणजे वटवाघूळ-देवाच्या, देवळाच्या आसऱ्याने बॅटमॅन झाला. बॅटमॅनचे नेहमीचे वैरीही आहेत: कोर्तेस हाच टू-फेस, राजपुरोहित योका हा जोकर. पुढचं स्वतः बघा.

माझी पंचाईत अशी की सिनेमा टू-डी आहे. एक ठसठशीत रेघ मारली, आत सपाट रंग भरला की चित्रकार सुटतो. ते कातडं आहे, सूत आहे की पिसं, हे रेघ सांगत नाही. मूर्तीला सांगावंच लागतं. म्हणून पडदा थांबवून फ्रेम बघायच्या त्या फक्त उभं राहण्याच्या ढबीसाठी आणि अंगाच्या प्रमाणासाठी. बाकी सगळं 1519 सालच्या तेनोच्तित्लानमध्ये जे हाताशी होतं त्यातूनच. लोखंड नाही, बकल नाही, झिप तर नाहीच. सिनेमाच्या पोस्टरशी शंभर टक्के जुळणारी मूर्ती हवी असेल तर माझी ही नाही.

मुखवट्यापासून सुरुवात केली. नेहमीचा बॅटमॅन नाकापर्यंत टोपी ओढतो. मेशिका, म्हणजे अ‍ॅझटेक, योद्धे तसं करत नसत. टेम्प्लो मायोरच्या, म्हणजे तेनोच्तित्लानच्या मुख्य देवळाच्या, उत्खननात माणसाएवढे मातीचे गरुडयोद्धे सापडलेत, त्यांचा चेहरा गरुडाच्या उघड्या चोचीतून बाहेर बघतो. तोच हिशेब धरून वरचा जबडा कपाळावर, खालचा हनुवटीखाली आणि मधे योहुआलीचा चेहरा असं केलं. कान लांब ठेवले, नाहीतर ओळखणार कोण! नाकावर पानासारखा उभा पडदा दिलाय. अमेरिका खंडातल्या बऱ्याच वटवाघळांना तो असतो आणि तिथल्या जुन्या मूर्तींतही दिसतो. सगळं एम-सीलमध्ये. दोन्ही गोळे मळून एकजीव झाले की लगेच लावायचं, बोट सतत ओलं ठेवायचं; पडदा मात्र वेगळा लाटून, कडक झाल्यावर पॉलिश पेपरने घासून पातळ केला. थेट मुखवट्यावर थापला तर जाडजूड दिसतो.

आता शस्त्र, माझा सगळ्यात लाडका भाग. माकुआविट्ल म्हणजे लाकडाची चपटी फळी, दोन्ही कडांना ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेची, पाती. गंमत म्हणजे अस्सल नमुना आज बघायलाच मिळत नाही. माद्रिदच्या शाही शस्त्रागारात एक उरला होता, तो 1884 च्या आगीत जळाला. आता सगळी भिस्त जुन्या चित्रांवर. लांबी साधारण एक मीटर धरली तर आपल्या स्केलला सोळा-सतरा सेंटिमीटर. फळी सागाच्या पट्टीची.

पाती काळीकुट्ट करायचा मोह सगळ्यांना होतो. पण मेक्सिकोतल्या पाचुकाजवळच्या खाणींतला ऑब्सिडियन हिरवा असतो, उजेडात धरला की सोनेरी झाक मारतो, आणि तेनोच्तित्लानमध्ये तो भरपूर वापरात होता. तेव्हा सोडा-पाण्याची हिरवी प्लॅस्टिकची बाटली कापली. लांबट चौकोनी तुकडे, मागून काळा रंग अगदी पातळ, धार तशीच पारदर्शक सोडलेली. फळीच्या कडेला कटरने खाच मारून चिमट्याने एकेक बसवलं. दोन पात्यांमधे केसभर फट ठेवा. अखंड पट्टी लावली तर करवत वाटते. मूळ पाती डांबर किंवा चिकाने चिकटवत, म्हणून खाचेत काळपट-तपकिरी रंगाचा बारीक ओघळ सोडलाय. (दगडाच्या सरळ पात्यांचं हे कसब आपल्याकडेही होतं. इनामगावचे ताम्रपाषाणयुगीन लोक चॅल्सेडनीची पाती काढत.)

अंगात इच्काविपिली, म्हणजे सुती कापसाचं चिलखत. हे इतकं कामाचं होतं की स्पॅनिश शिपाईही पोलाद सोडून तेच घालायला लागले. खरं दीड-दोन बोटं जाड, आपल्याला पाच मिलिमीटर पुरे. मलमलीचे दोन थर, मधे कापूस आणि गोधडीसारखे उभे धावदोरे. शिवणयंत्रावर करू नका, टाका फार एकसारखा पडतो.

अंगरख्यावर घरात वाद झाला. सिनेमातल्या बॅटमॅनचा केप दोन्ही खांद्यांवरून फडफडणारच, पण तिथले लोक तिल्मातली, म्हणजे अंगावर घ्यायचं चौकोनी वस्त्र, एका खांद्यावर गाठ मारून घेत. मी गाठ उजव्या खांद्यावर मारली. पंख एकीकडे झुकतो, त्यामुळे आकृती चालायला निघाल्यासारखी वाटते. बायकोला हे लुगडं नेसवल्यासारखं दिसतं. मी बदलणार नाही. कापड पाण्यात कालवलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून, कडेत बारीक तार घालून वाळवलंय.

सगळ्यात छळलं पिसांनी. ढालीसाठी व्हिएन्नातल्या संग्रहालयातली जुनी ढाल समोर ठेवलीय: लालसर पिसांवर निळा प्राणी, त्याच्या कडेने सोन्याची पट्टी आणि खाली पिसांची झालर. माझ्या ढालीवर प्राण्याऐवजी वटवाघूळ. पण खरं पीस या स्केलला कधीच खरं दिसत नाही. कोंबड्याच्या मानेचं बारीक पीससुद्धा झाडूएवढं वाटतं. शेवटी पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या घेतल्या, कडेला सुरीने दाट तिरप्या चिरा दिल्या आणि कौलं रचतात तशा खालून वर चिकटवत गेलो. झालरीला मात्र मानेचीच पिसं, निम्मी कापून. लांबून फसतं, जवळून नाही. हमिंगबर्डची ती रंग बदलणारी चमक कागदावर कशी आणायची, हे अजून सुटलेलं नाही. मोतिया पावडर वार्निशमध्ये घालून बघितली तर नेलपॉलिश दिसतं.

वार्निशचा स्प्रे पावसाळा सरल्यावरच. दमट हवेत मारला की पांढरी साय धरते, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको.

पुढच्या खेपेला बेस: देवळाच्या चार पायऱ्या, तेझोंत्लेच्या. तो लाल, सच्छिद्र ज्वालामुखी दगड आहे, टेम्प्लो मायोरच्या बांधकामात वापरलेला. थर्माकोलवर अ‍ॅसिटोनचे थेंब सोडून छिद्रं पाडायचा विचार आहे, पण या स्केलला ती फार मोठी पडतील अशी शंका येते. कुणी स्पंज किंवा मीठ वापरून केलं असेल तर फोटोसकट सांगा.