बकरीला भात बाधला तेव्हा, माझा अनुभव

आम्ही घोडबंदर रोडला ओवळ्यात राहतो, घरामागे थोडी मोकळी जागा आहे म्हणून चार बकऱ्या घेतल्या. आईच्या माहेरी बकऱ्या होत्या, तिला सगळं ठाऊक, मला मात्र वाटायचं की समोर टाकलं ते खातात म्हणजे त्यांना चालतं.

गेल्या मे महिन्यात शेजारी लग्न होतं, उरलेला भात त्यांनी प्रेमाने आणून दिला आणि मी घमेलंभर ओतला. बकऱ्या तुटून पडल्या, बघून बरं वाटलं. सगळ्यात जास्त खाल्ला आमच्या चंपीने, तीच बाकीच्यांना ढुशा मारून पुढे असते. सकाळी बघते तर ती उठेना. रवंथ बंद, दात करकर खातेय, पोटाला डावीकडे हात लावला तर आत पाणी डुचमळतंय, लेंड्यांऐवजी आंबूस वासाची पातळ हगवण. आई म्हणाली, "भात बाधलाय हिला. घरचं काही पाजत बसू नको, आधी डॉक्टरांना फोन कर."

डॉक्टर तासाभरात आले, सलाईन लावलं, खायचा सोडा पाण्यातून नळीने दिला, बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. मग समजावलं की बकरीच्या मोठ्या पोटात जंतू असतात, पालापाचोळा तेच पचवतात, पण एकदम भात, चपात्या, मका असं ढीगभर गेलं की दुसरेच जंतू माजतात, लॅक्टिक ॲसिड होतं आणि अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. चंपीचे डोळे खोल गेले होते ते त्यामुळेच. याला ॲसिडोसिस म्हणतात, यात बकरी एका दिवसात दगावू शकते.

पुढचे दोन दिवस फक्त सुकं गवत आणि पाणी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती रवंथ करायला लागली, मी अंधार पडेपर्यंत तिच्याजवळच बसून राहिले.

त्यानंतर खाणं नीट लावलं. 30 किलोच्या बकरीला दिवसाला साधारण 1 किलो सुका चारा लागतो, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून. हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणून पावसाळ्यात कोवळ्या गवताने पोट भरलेलं दिसतं पण अंगी लागत नाही, वर पोट फुगायची भीती. आता सकाळी आधी सुकं, मग पाला. सुबाभूळ आवडीने खातात पण त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ती पाल्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त देत नाही, बाकी शेवगा, उंबर, बोर. जुड्या दोरीने टांगते, बकरीला मान वर करून ओरबाडून खायला आवडतं, खाली पडून तुडवलेल्याला तोंड लावत नाही. खुराक, म्हणजे मका भरडा, पेंड आणि थोडं मिनरल मिक्स्चर, 50 ग्रॅमपासून सुरू केला आणि 200 वर यायला दोन आठवडे घेतले, तोही दोन वेळात वाटून. बोकड असेल तर त्याला त्याहून कमी द्यायचा, धान्य जास्त झालं की त्यांना मुतखडा होतो आणि लघवी अडते.

चंपी आता गाभण आहे, चार महिने झाले. शेवटच्या महिन्यात पिल्लू झपाट्याने वाढतं आणि पोटात चाऱ्याला जागा उरत नाही, म्हणून तिचा खुराक परत थोडा थोडा वाढवतेय. शेजारी अजूनही चपात्या आणून देतात, त्यातली अर्धी चौघींत कुस्करते आणि बाकीच्या का नको ते त्यांना सांगते.